कंपायलरने पेरलेल्या खुणा

फझिंग हा सॉफ्टवेअर तपासण्याचा एक प्रकार आहे. प्रोग्रॅमला वेडीवाकडी, मोडकी, अर्थहीन माहिती लाखो वेळा पुरवायची आणि तो कुठे कोसळतो ते पाहायचे, एवढेच त्याचे मूळ रूप. त्याचा इतिहास बहुतेक वेळा १९८८ सालच्या एका वादळी रात्रीपासून सांगितला जातो. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन इथल्या संगणकशास्त्र विभागातले प्राध्यापक बार्टन मिलर घरून टेलिफोनच्या तारेवरून विद्यापीठाच्या यंत्रावर काम करत होते. पावसामुळे तारेत खरखर शिरली होती, टाइप केलेल्या मजकुरात भलतीच अक्षरे मिसळत होती, आणि त्या कचऱ्याने युनिक्सवरचे रोजच्या वापरातले प्रोग्रॅम कोसळत होते. मिलर यांनी हाच विषय विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून दिला. डिसेंबर १९९० मध्ये छापून आलेल्या निबंधात त्याचे फळ दिसले: युनिक्सच्या ज्या ज्या आवृत्तीवर प्रयोग झाला, तिथले २५ ते ३३ टक्के प्रोग्रॅम निव्वळ अंदाधुंद अक्षरांनी कोसळले किंवा अडकून पडले. ही हकीकत खरी आहे, महत्त्वाचीही आहे. पण इतिहास तिथूनच सुरू केला की आजचे फझिंग कशावर उभे आहे हे नजरेआड होते. आज त्याच्या बळावर हजारो धोकादायक चुका सापडतात त्याचे मोठे श्रेय मोजणीच्या एका जुन्या कसबाला द्यायला हवे, आणि ते कसब कंपायलर लिहिणाऱ्यांचे आहे.

प्रोग्रॅम चालताना त्याचा कोणता भाग किती वेळा चालला, हे जाणून घेण्याची ओढ फझिंगपेक्षा पंचवीस वर्षांनी जुनी. चाचणीत प्रोग्रॅमच्या सगळ्या वाटा तुडवल्या गेल्या का, हे पद्धतशीर तपासण्याचा विचार जोन मिलर आणि क्लिफर्ड मलोनी यांनी १९६३ मध्येच मांडला होता. डोनाल्ड क्नुथ यांनी १९७१ च्या प्रसिद्ध पाहणीत फोरट्रान प्रोग्रॅमांमध्ये मोजणीच्या ओळी घुसवणारे साधन वापरले आणि दाखवून दिले, की प्रोग्रॅमचा चार टक्क्यांहून कमी भाग साधारणपणे निम्म्याहून अधिक वेळ खातो. १९८२ मध्ये बर्कलीत सुझन ग्रॅहम, पीटर केसलर आणि कर्क मॅक्युसिक यांनी जीप्रॉफ तयार केले. इथे मोजणीची ओळ मूळ मजकुरात घालावी लागत नाही. कंपायलर स्वतःच प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला एक कॉल पेरतो, आणि कोणत्या फंक्शनने कोणाला किती वेळा बोलावले याची नोंद होत जाते. हा बारकावा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. जीप्रॉफ नुसती ठिकाणे मोजत नव्हते, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी झालेल्या उड्या मोजत होते. तीस वर्षांनंतर फझिंगला नेमकी याच गोष्टीची गरज पडली.

या दोन धाग्यांची गाठ लवकर पडायला वरवर पाहता कसलीच अडचण दिसत नाही. बार्टन मिलर यांच्याच विभागात त्याच सुमारास थॉमस बॉल आणि जेम्स लारस हे दोघे कमीत कमी काउंटर घालून प्रोग्रॅमच्या सगळ्या वाटा कशा मोजाव्यात यावर काम करत होते. त्यांचे निबंध आजही या विषयाचा पाया मानले जातात. खुद्द मिलर यांची पुढची मोठी कामगिरी म्हणजे चालत्या प्रोग्रॅममध्ये मोजणीचे तुकडे घुसवणारी पॅराडाइन आणि डाइनइन्स्ट ही साधने. म्हणजे अंदाधुंद चाचणी आणि मोजणी या दोन्ही विद्या एका विभागात, काही अंशी एकाच माणसाच्या हातात होत्या. तरीही त्या एकत्र यायला जवळपास दोन दशके लागली. मला याचे कारण कल्पकतेच्या अभावात दिसत नाही. काउंटरचा आकडा कोणासाठी, हे तेव्हा ठरलेले होते: तो माणसासाठी. प्रोग्रॅम चालायचा, संपायचा, मग अभियंता अहवाल उघडायचा आणि कुठला भाग संथ आहे किंवा कुठली ओळ चाचणीत राहून गेली ते पाहायचा. हाच आकडा माणसाला न दाखवता चाचणी करणाऱ्या यंत्रालाच द्यावा, तोही सेकंदाला शेकडो वेळा, आणि त्यावरून पुढची माहिती कशी मोडावी हे यंत्राने ठरवावे, ही कल्पना सुचायला मोजणी अतिशय स्वस्त व्हावी लागते. १९९० च्या यंत्रांवर ती तशी नव्हती.

मधल्या काळात फझिंग दोन दिशांनी वाढले. फिनलंडमधल्या औलू विद्यापीठाच्या प्रोटोस प्रकल्पाने नेटवर्कच्या नियमांचा अभ्यास करून, ते नियम नेमके कुठे मोडायचे हे माणसाने ठरवून चाचण्या रचल्या. २००२ मध्ये एसएनएमपी या प्रोटोकॉलमधल्या चुका त्यातूनच जगापुढे आल्या. दुसरी वाट ताकदीची होती. २०११ मध्ये गूगलने ॲडोबीच्या फ्लॅश प्लेअरची चाचणी घेतली, तिचे आकडे बोलके आहेत. २० टेराबाइट फ्लॅश फाइली गोळा केल्या. २,००० प्रोसेसर कोअर आठवडाभर चालवून त्यांतून सगळ्या वाटा व्यापणाऱ्या सुमारे २०,००० फाइली निवडल्या. मग तेवढेच कोअर आणखी तीन आठवडे त्या फाइली मोडतोड करून प्लेअरला पुरवत राहिले. हाती आले १०६ सुरक्षा-दोष. इथे मोजणी फझिंगच्या दारापर्यंत आलेली दिसते, कारण फाइलींची निवड कव्हरेज, म्हणजे प्रोग्रॅमच्या किती वाटा चालल्या ते, पाहूनच झाली. पण निवड संपली की मोजणी थांबली. पुढची मोडतोड पुन्हा आंधळीच.

तिथून दोनच वर्षांत, नोव्हेंबर २०१३ मध्ये, मिखाऊ झालेव्स्की यांनी एएफएल हे साधन पहिल्यांदा प्रसिद्ध केले. कंपायलरची मोजणी आणि चाचणीचे निर्णय यांची अशीच सांगड घालण्याचा त्यांचा एक प्रयत्न २००७ मध्येही झाला होता, पण खरा पल्ला एएफएलने गाठला. त्याची रचना जवळून पाहिल्याशिवाय पुढचा मुद्दा पटणार नाही. प्रोग्रॅम बांधताना कंपायलर असेंब्लीचा मजकूर तयार करतो आणि तो असेंब्लरकडे जातो. एएफएल या दोघांच्या मधे उभे राहते आणि जिथे जिथे वाट फुटते तिथे एक छोटा तुकडा घालते. अशा प्रत्येक ठिकाणाला बांधणीच्या वेळीच एक यादृच्छिक क्रमांक मिळतो. प्रोग्रॅम चालताना तिथे पोचला, की या ठिकाणाचा क्रमांक आणि आधीच्या ठिकाणाचा जपून ठेवलेला क्रमांक यांचा एक्सॉर काढायचा, जे उत्तर येईल त्या घरातला आकडा एकाने वाढवायचा, आणि आत्ताचा क्रमांक एक बिट उजवीकडे सरकवून पुढच्या वेळेसाठी जपून ठेवायचा. बस, एवढेच. घरे एकूण ६५,५३६, प्रत्येक घर एक बाइटचे, म्हणजे सगळा तक्ता प्रोसेसरच्या कॅशमध्ये मावतो. बिट सरकवण्यामागे सुंदर कारण आहे. तसे केले नाही तर ‘क’ कडून ‘ख’ कडे जाणे आणि ‘ख’ कडून ‘क’ कडे येणे यांचे उत्तर एकच येईल, आणि ‘क’ वरून पुन्हा ‘क’ वरच येणाऱ्या प्रत्येक छोट्या लूपचे उत्तर शून्य येईल. घरातला आकडाही जसाच्या तसा धरत नाहीत. एकदा, दोनदा, तीनदा, चार ते सात, आठ ते पंधरा असे त्याचे गट केलेले असतात. लूप ४७ ऐवजी ४८ वेळा फिरला याला महत्त्व नाही, एकदाऐवजी दोनदा फिरला याला आहे.

या छोट्या तक्त्याचे सामर्थ्य २०१४ च्या नोव्हेंबरात झालेव्स्की यांनी केलेल्या एका प्रयोगात दिसले. जेपेग चित्र उलगडणाऱ्या डीजेपेग या प्रोग्रॅमला त्यांनी चित्र दिलेच नाही. ‘हॅलो’ या इंग्रजी शब्दाची पाच अक्षरे असलेली एक फाइल दिली आणि एएफएल सुरू केले. जेपेग फाइलची सुरुवात २५५ आणि २१६ अशा दोन बाइटांनी व्हावी लागते. मोडतोड करताना केव्हातरी पहिला बाइट २५५ झाला. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच फरक नव्हता, कारण प्रोग्रॅमने तरीही ही जेपेग नाही असे सांगून फाइल नाकारली. पण आतल्या तक्त्यात एक नवे घर भरले: पहिल्या बाइटची तपासणी पार करून गाडी दुसऱ्या बाइटापर्यंत गेली होती. एएफएलने ती फाइल जपून ठेवली आणि पुढची मोडतोड तिच्यावरून केली, मग २१६ सापडला, मग पुढचा टप्पा. आठ कोअरच्या यंत्रावर सुमारे सहा तासांत पहिले खरेखुरे चित्र तयार झाले. त्याआधी जेपेग कशी असते हे एएफएलला कोणीच सांगितले नव्हते. फ्लॅशच्या चाचणीतले २० टेराबाइट आणि इथली पाच अक्षरे हे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. दोन्ही ठिकाणी मोडतोड सारखीच अंदाधुंद होती. बदल झाला तो एवढाच, की प्रत्येक फेरीनंतर आत काय घडले ते चाचणी करणाऱ्याला कळू लागले.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. प्रोग्रॅमच्या आत डोकावायला कंपायलरच कशाला हवा? तयार बायनरीवरही मोजणी करता येते. एएफएललाच क्यूईएमयू वापरून तशी सोय आहे. मायक्रोसॉफ्टमध्ये पॅट्रिस गोडफ्रॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेले सेज तर बायनरीचा माग काढून, प्रत्येक फाट्याचे गणिती समीकरण मांडून ते सोडवत असे, आणि विंडोज ७ च्या काळात फाइल-फझिंगने सापडलेल्या चुकांपैकी सुमारे एक तृतीयांश त्यानेच शोधल्या. हे सारे मान्य. सेज बुद्धीने एएफएलच्या पुढे होते यातही शंका नाही. पण समीकरणे सोडवायला वेळ लागतो, आणि मागे मोठ्या कंपनीची यंत्रसामग्री लागते. ती विद्या एकट्या अभियंत्याच्या लॅपटॉपवर उतरली नाही. बायनरी मोजायची तर क्यूईएमयूसारख्या यंत्राच्या नकलेत प्रोग्रॅम चालवावा लागतो, त्याने वेग दोन ते पाच पटींनी घटतो. वेगाचा मुद्दा मात्र दुय्यमच म्हणायला हवा, कारण यंत्रे वाढवून तो भरून काढता येईल. बायनरी तयार होताना जी माहिती पुसली जाते ती यंत्रे वाढवून परत मिळत नाही, आणि त्याचा पुरावा फझिंगच्या दुसऱ्या अंगात आहे.

ते अंग म्हणजे चूक झाल्याचे कळणे. सी भाषेतला प्रोग्रॅम स्वतःच्या हद्दीबाहेरची मेमरी वाचतो तेव्हा तो कोसळतोच असे नाही. पुष्कळदा निमूट पुढे जातो. अशा वेळी फझर कितीही खोल पोचला तरी त्याच्या पदरात काही पडत नाही. २०१२ मध्ये गूगलच्या कॉन्स्टन्टिन सेरेब्रियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲड्रेससॅनिटायझर मांडला. यात कंपायलर प्रत्येक व्हेरिएबलच्या आजूबाजूला निषिद्ध पट्टे सोडतो, शेतांच्या मधे बांध घालावेत तसे, आणि दर आठ बाइटांमागे एक सावलीचा बाइट ठेवून कुठली मेमरी वापरायला मोकळी आहे हे लिहून ठेवतो. मेमरीला हात लावणाऱ्या प्रत्येक सूचनेआधी तो सावली पाहणारी तपासणी घालतो. पट्ट्यावर पाय पडला की प्रोग्रॅम तिथल्या तिथे थांबतो आणि कुठे चुकले ते सांगतो. याची किंमत सरासरी ७३ टक्के संथपणा. त्याआधी व्हॅलग्राइंडसारखे साधन हेच काम करताना प्रोग्रॅम वीसेक पटींनी संथ करी. शिवाय स्टॅकवरच्या दोन ॲरेंची हद्द कुठे आहे हे व्हॅलग्राइंडला समजतच नव्हते. बायनरीत ती हद्द उरलेलीच नसते, पत्त्यांची एक सलग ओळ तेवढी उरते. कंपायलरला ती ठाऊक असते, कारण ती आखणारा तोच. कंपायलरच का, याचे उत्तर मला इथे मिळते.

एप्रिल २०१४ मध्ये उघड झालेला हार्टब्लीड हा दोष या दोन अंगांची गरज एकाच वेळी दाखवतो. ओपनएसएसएल या लायब्ररीत २०१२ च्या मार्चपासून तो बसून होता. समोरचा संगणक ‘मी इतके बाइट पाठवतोय’ असे सांगे, प्रत्यक्षात थोडेच पाठवी, आणि सर्व्हर सांगितलेल्या आकड्यावर विश्वास ठेवून जवळपास ६४ किलोबाइटपर्यंतची शेजारची मेमरी परत धाडी. तिच्यात पासवर्ड असत, गुप्त किल्ल्याही असत. सर्व्हर कोसळत नसे, म्हणून जुन्या पद्धतीच्या फझिंगला तो कधी दिसला नसता. वर्षभराने हान्नो ब्योक यांनी एएफएल आणि ॲड्रेससॅनिटायझर एकत्र लावून हीच जुनी आवृत्ती तपासली आणि सुमारे सहा तासांत दोष सापडला. उत्तर माहीत असताना शोधणे सोपे असते, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. पण २०१४ च्या सप्टेंबरात बॅश या युनिक्स शेलमधल्या शेलशॉक या दोषाची घाईघाईने दुरुस्ती झाल्यावर झालेव्स्की यांनी त्याच बॅशवर एएफएल चालवले, तेव्हा उत्तर कोणालाच माहीत नव्हते, आणि तरीही त्यांना आणखी दोन गंभीर दोष सापडले.

कंपायलर लिहिणाऱ्यांचा वाटा सांगताना एलएलव्हीएम या कंपायलर-संचाला टाळता येत नाही. जीसीसी या जुन्या कंपायलरची अंतर्रचना बाहेरच्यांना सहज हात घालता येऊ नये अशीच बराच काळ ठेवली गेली होती. एएफएलने पहिल्यांदा असेंब्लीच्या मजकुरातून वाट काढली त्यामागचे एक कारण हेही असावे. इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर आणि विक्रम अडवे यांनी उभारलेल्या एलएलव्हीएममध्ये मात्र प्रोग्रॅमवर स्वतःची एखादी फेरी मारणारा भाग कोणीही लिहू शकतो. ॲड्रेससॅनिटायझर आधी तिथे आला आणि मग जीसीसीत गेला. एएफएलची सुधारित आवृत्ती तिथेच झाली, २०१५ मध्ये लिबफझर हा फझर तिथेच झाला. कंपायलर फाटे मोजतो तसा तुलनाही फोडू शकतो, ही कल्पनाही तिथलीच. चार बाइटांची तुलना एकाच सूचनेत होत असेल तर ती आंधळेपणाने जुळण्याची शक्यता सुमारे ४२९ कोटींत एक. तीच बाइट-बाइट करून चार पायऱ्यांत मोडली की हजारेक प्रयत्नांत काम होते. मूळ प्रोग्रॅमचा अर्थ जराही न बदलता असा बदल करणे कंपायलरलाच जमते. २०१६ मध्ये लिनक्स कर्नलच्या ४.६ आवृत्तीत केकव्ह ही कव्हरेज मोजणारी सोय आली, आणि द्मित्री व्युकोव्ह यांच्या सिझकॉलर या फझरला कर्नलच्या आतले दिसू लागले. त्याच वर्षी डिसेंबरात गूगलने ओएसएस-फझ सुरू केले. मुक्त सॉफ्टवेअरचे हजारभर प्रकल्प तिथे रात्रंदिवस तपासले जातात, आणि २०२३ च्या ऑगस्टपर्यंत त्यातून १०,००० हून अधिक सुरक्षा-दोष निघाले होते. अक्षरांच्या आकृत्या रेखणारी फ्रीटाइप आणि देवनागरीची जोडाक्षरे व काना-मात्रा जागच्या जागी बसवणारी हार्फबझ या लायब्रऱ्याही त्यात आहेत. अँड्रॉइडवर मराठी वाचताना ज्या कोडवर भिस्त असते, त्याचीही ही तपासणी चालू असते.

सगळ्यात गंभीर आक्षेप कव्हरेजवरच आहे. जे मोजले जाते तेच महत्त्वाचे वाटू लागते, ही मोजणीची जुनी खोड. २०२१ मध्ये टॅव्हिस ऑर्मंडी यांना मोझिलाच्या एनएसएस लायब्ररीत एक दोष सापडला: ठरलेल्या जागेपेक्षा मोठी सही आली की ती शेजारच्या मेमरीवर लिहिली जाई. इतकी साधी चूक, तीही वर्षानुवर्षे फझिंग चालू असलेल्या प्रकल्पात. कव्हरेजच्या अहवालात तो भाग तपासलेला दिसत होता. पण जे फझर त्या ओळींपर्यंत पोचत होते ते पक्की ठरलेली प्रमाणपत्रे वापरत. मोठी सही घडवणे त्यांना शक्यच नव्हते. २०२३ च्या सप्टेंबरातला, चित्रे उलगडणाऱ्या लिबवेबपी या लायब्ररीतला दोष आणखी बोचरा. ती लायब्ररीही ओएसएस-फझवर कित्येक वर्षे होती. तिथे हफमन तक्त्यांच्या लांब्या एका विशिष्ट मेळाने आल्या तरच मेमरीची हद्द ओलांडली जाई, आणि त्या मेळाच्या जवळ गेले तरी नवा फाटा लागत नव्हता. तक्त्यात नवे घर भरले नाही, म्हणून फझरला आपण धोक्याच्या जवळ आलो आहोत हे कळलेच नाही. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. मात्र त्यातून मोजणी सोडून द्यावी असे निघत नाही; काय मोजायचे हा प्रश्न पुन्हा उघडा करावा लागतो, एवढे निघते. जीप्रॉफने उड्या मोजल्या, एएफएलने त्या फझरसाठी मोजल्या, नंतरच्या साधनांनी तुलनेच्या दोन्ही बाजूंचे आकडे टिपले. लिबवेबपीसारख्या दोषासाठी प्रोग्रॅमच्या आतल्या माहितीची अवस्था टिपावी लागेल, आणि ती कुठे जपलेली आहे हे सांगणारी जागा पुन्हा कंपायलरच.

मोजणी जिथे पोचतच नाही अशी एक हद्द मात्र आहे, आणि ती एक्सझेड प्रकरणाने दाखवली. २०२३ च्या जुलैमध्ये एक्सझेड या लायब्ररीच्या सांभाळणाऱ्यांपैकी एका टोपणनावाच्या खात्याने ओएसएस-फझवरच्या बांधणीत आयफंक ही, फंक्शनची कोणती आवृत्ती वापरायची हे प्रोग्रॅम चालताना ठरवणारी सोय बंद करवून घेतली. ती ॲड्रेससॅनिटायझरशी जुळत नाही हे तांत्रिक कारण पटण्याजोगे होते. पुढच्या वर्षी त्याच लायब्ररीत लपवलेले चोरदार उघड झाले, आणि ते याच सोयीच्या आधारे आत शिरले होते. ते सापडले आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला, लॉगिनला लागणारा अर्धा सेकंद जास्तीचा वेळ खटकला म्हणून. कंपायलरच्या खुणा हद्द ओलांडणारा बाइट पकडतात. या चोरदाराचे काम अशा बाइटावर चालत नव्हते. त्याचा मूळ हेतू लिहिणाऱ्याच्या इच्छेप्रमाणेच साधला जात होता, त्यामुळे फझर तिथपर्यंत पोचला असता तरी तो हेतू चूक म्हणून दाखवणे त्याला जमले नसते.